पुढचं दार

पबच्या मालक कंपनीचं ते पत्र थेल्मा डॉड्सने तीनदा वाचलं. दोनदा मनातल्या मनात आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण बारच्या पलीकडे बसलेल्या विल्फ टीसडेलला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि चष्मा तो कायम घरी विसरायचा.

"'सदर पबमध्ये दिवसाला सरासरी नऊ व्यक्ती प्रवेश करतात.' ऐकलंस? नऊ!"

"आत्ता किती आहोत आपण?" विल्फने विचारलं.

थेल्माने नजर फिरवली. जूनमधली मंगळवारची दुपार, एरवी धंद्याची सगळ्यात थंड वेळ. "चौदा. तुझा कुत्रा धरून पंधरा."

"म्हणजे आपल्यातली पाच माणसं कंपनीच्या लेखी नाहीतच. मेव्हिस, तू आहेस का गं?"

खिडकीपाशी डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बसलेली मेव्हिस वरही न बघता म्हणाली, "मी आहे. तुझ्याबद्दल मला कधीच खात्री नव्हती."

सगळे हसले, पण पत्राचा शेवट हसण्यासारखा नव्हता. इतक्या कमी माणसांसाठी पब चालवणं शहाणपणाचं नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणून खाली दुकान आणि वर दोन फ्लॅट काढायची परवानगी कंपनीने कौन्सिलकडे मागितली होती. थेल्माचा करार नाताळात संपत होता. परवानगी मिळाली तर तो पुढे वाढणार नव्हता. सत्तावीस वर्षं ती या बारमागे उभी होती, वरच्या खोल्यांत राहत होती, आणि ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी तिला दोन बॅगा भरून बहिणीकडे जावं लागलं असतं.

थ्री टब्स या पबची इमारत कंपनीची. बिअरही कंपनीकडूनच घ्यायची, ती सांगेल त्या भावाने. थेल्माचं त्यात काय, तर घाम. पूर्वी हा पब डोंगरापलीकडच्या एका बिअर बनवणाऱ्या कुटुंबाचा होता, आणि त्यांचा म्हातारा वर्षातून एकदा स्वतः यायचा, एक पाइंट बिअर प्यायचा, मुतारी स्वच्छ आहे का ते बघायचा आणि जायचा. त्यांनी विकला. ज्याने घेतला त्यानेही विकला. आता मालक होती क्रेस्टमोर नावाची कंपनी. तिचे देशभर दोन हजार पब होते आणि तिच्या एकाही साहेबाने, विल्फच्या मते, जन्मात कधी बिअरच्या फेसात मिशी बुडवली नव्हती.

"पण हा नऊ आकडा आणला कुठून?" डेनी म्हणाला. डेनी बस चालवायचा, आकड्यांवर त्याचा फार विश्वास. "कोणीतरी मोजलं असणार ना?"

थेल्माचा चेहरा उतरला. मार्चमध्ये कंपनीचा एक माणूस शिडी घेऊन आला होता. सुरक्षेसाठी एक डबी बसवायची आहे म्हणाला. "बाई, मुख्य दार कुठलं?" असं त्याने विचारलं, आणि थेल्माने मोठ्या अभिमानाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं होतं. डबी तिथेच बसून येणारी माणसं मोजत होती.

"अरे देवा," मेव्हिस म्हणाली.

कोल्डबेक गावात पुढच्या दाराने कोणी येत-जात नाही. घरीही नाही आणि पबमध्ये तर नाहीच. पुढचं दार उघडतं ते नवरीसाठी आणि शवपेटीसाठी, फार तर डॉक्टरसाठी. कोळशाची खाण चालू होती तेव्हा कामाची पाळी सुटली की माणसं नखशिखान्त काळी व्हायची. ती मागच्या बोळाने यायची, अंगणातल्या नळावर हात धुवायची आणि स्वयंपाकघराजवळच्या दाराने आत शिरायची. खाण बंद होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, माणसं केव्हाच स्वच्छ झाली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. थ्री टब्समध्ये तर ती शब्दशः मेल्यावरच जायची. नेहमीचं माणूस गेलं की त्याची पेटी पुढच्या दाराने आत आणायची, दोन टेबलं जोडून त्यावर ठेवायची, सगळ्यांनी उभ्याने एकेक पाइंट प्यायचा, आणि त्याच दाराने त्याला चर्चकडे न्यायचं. हिरव्या रंगाचं, पितळी मुठीचं, वर रंगीत काच असलेलं ते दार. मुख्य दार कुठलं म्हटल्यावर थेल्मा दुसरं कुठलं दाखवणार होती? कचऱ्याच्या डब्यांशेजारचं?

"मग ते नऊ तरी कोण?" डेनीने विचारलं.

ते शोधण्यात अर्धा तास मजेत गेला. एक पोस्टमन. एक नवा पाद्री, त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. डोंगर चढायला आलेले आणि फक्त लघवीला थांबलेले चार-पाच जण. बाकीचे रस्ता चुकलेले. थेल्मा मात्र हसली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तिचा होता.

क्रेस्टमोरचा विभागीय मॅनेजर गुरुवारी आला. कॅलम फोर्साइथ त्याचं नाव, तिशीतला, टोकदार बूट, बोलणं अगदी लोण्यासारखं. तो पुढच्या दाराने आत शिरला तसा विल्फ मोठ्याने म्हणाला, "दहा!"

"मिसेस डॉड्स," कॅलम म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतंय. पण हा माझा निर्णय नाही. आकडेच बोलतायत."

"आकडे बोलतात, पण त्यांना दिसत नाही बाळा. मागे वळून बघ जरा. किती माणसं दिसतात?"

कॅलमने वळून बघितलं. बावीस माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. "आजचा दिवस वेगळा असेल."

"आजचा दिवस रोजच्यासारखाच आहे. ही सगळी मागून येतात. ती डबी काढ आणि मागच्या दारावर लाव."

"आमच्या नकाशात ते दार मालाची ने-आण करण्याचं आहे."

"मी माल आहे का रे?" मेव्हिसने कोपऱ्यातून विचारलं.

"तरुणपणी होतीस," विल्फ म्हणाला, आणि मेव्हिसने त्याला फेकून मारायला डॉमिनोची सोंगटी उचलली.

कॅलम बिचारा लाल झाला. मशीन खोटं बोलत नाही, एवढंच तो दोनदा म्हणाला आणि आला तसा गेला. त्याच्यासाठी ओतलेला अर्धा पाइंट तसाच राहिला. ते थेल्माला पत्राहूनही जास्त लागलं.

कौन्सिलमधल्या बाई मात्र ऐकून घेणाऱ्या निघाल्या. थेल्माने त्यांना फोनवर सगळं सांगितलं, पेट्यांचंसुद्धा. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "कंपनीने आकडा दिलाय, तुम्ही मला गोष्ट सांगताय. कमिटीपुढे गोष्ट चालत नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा एक आठवडा मोजायला मी त्यांना भाग पाडू शकते. पण डबी तीच आणि दारही तेच. ते त्यांच्या नकाशातलं मुख्य दार आहे."

"म्हणजे सगळ्यांनी पुढून यायचं?"

"एकच आठवडा, मिसेस डॉड्स. एवढं काय अवघड आहे त्यात?"

अवघड काय ते या बाईंना कोण सांगणार! थेल्माने ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांना गोळा केलं, हॅम घातलेल्या स्टॉटी पावाची थाळी पुढे ठेवली आणि स्पष्टच सांगितलं. ऐकून सगळ्यांनी एकदम आपापल्या ग्लासात बघितलं.

"मी काय म्हणतो," डेनीला युक्ती सुचली, "सगळ्यांनी कशाला? मी एकटा जातो ना. पुढून आत, मागून बाहेर, बोळातून पुन्हा पुढे. तासाला साठ फेऱ्या होतील. आठवड्यात पाच हजार माणसं करून दाखवतो."

"लबाडी नको," थेल्मा म्हणाली.

"त्यांनी केली ती लबाडी नाही?"

"ती त्यांची. आपल्याला लबाडीची गरज काय? आपण आहोत ना इतके! आहे तेवढंच मोजू दे, मला जास्त एक नको. पण कमीही एक चालणार नाही."

"मी सांगून ठेवतो," विल्फ म्हणाला. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि त्यातली एकोणतीस त्याने जमिनीखाली काढली होती. "त्या दारातून मी एकदाच जाणार. सहा जण उचलतील तेव्हा."

कोणीच हसलं नाही. विल्फचं म्हणणं सगळ्यांच्याच मनातलं होतं.

थेल्मा त्याला झापणार होती, पण कोणत्या तोंडाने झापणार? सहा वर्षांपूर्वी गॉर्डन, तिचा नवरा, त्या दाराने गेला, तेव्हापासून तिने स्वतः तो उंबरा ओलांडला नव्हता. पितळी मूठ ती दर शुक्रवारी घासायची, पण दार किलकिलं करून, आतूनच हात बाहेर घालून. पुढची पायरी लांब दांड्याच्या झाडूने आतूनच झाडायची. गॉर्डननंतर आणखी तीन पेट्या गेल्या, तिन्ही वेळा ती बारमागे थांबली. आपण तिथून गेलो की गॉर्डनचं जाणं जुनं होईल, असं तिला वाटायचं. वेडेपणाच तो, पण होता खरा. आणि तो कोणाच्या लक्षात आलेला नाही अशी तिची समजूत होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मोजणी सुरू झाली. डबीच्या पोटात लाल आकडे दिसायचे; स्टुलावर चढलं की वाचता यायचे.

सोमवारी रात्रीपर्यंत अठरा. मंगळवारी बारा.

माणसं येत नव्हती असं नाही, पब नेहमीसारखाच भरत होता. थेल्मा खिडकीच्या पडद्याआडून बघायची. ठरल्याप्रमाणे जो तो पुढच्या दारापर्यंत यायचा. मेव्हिस आली, मुठीवर हात ठेवला, मग पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलं आणि हळूच बोळाकडे वळली. डेनी, पाच हजार फेऱ्या मारणारा डेनी, दारासमोर उभा राहून टोपी काढता झाला, जणू आत कोणाची पेटी ठेवलीय. मग तोही मागून आला आणि म्हणाला, "उद्या नक्की."

"उद्या नक्की, उद्या नक्की!" थेल्मा भडकली. "नाताळानंतरचा उद्या कुठला आणणार आहेस?"

बुधवारी साडेचारला तिने मागच्या दाराला आतून कडी लावली.

पाचला अंगणात पावलं वाजली. बाहेर भुरभुर चालू होती. दार ढकललं गेलं, पुन्हा ढकललं गेलं.

"थेल्मा," डेनीचा आवाज आला, "कडी अडकलीय वाटतं."

"अडकली नाही. मी लावलीय."

"मग काढ ना."

"पुढून या."

अंगणात माणसं वाढत होती, तिला आवाजावरून कळत होतं. डॉमिनोवाल्या चौघी, शाळेचा रखवालदार, कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या भाजीवरून कायम भांडणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला, मग धाकटाही. पंचवीसएक तरी असतील. कोणीतरी "कोण गेलं?" असं विचारलं, आणि "कोणी नाही, थेल्माचं डोकं गेलंय," असं कोणीतरी उत्तर दिलं.

"बये, भिजतोय आम्ही!" मेव्हिस ओरडली.

"भिजा! खाणीतून वर यायचे तेव्हा तुमचे बाप काय छत्री घेऊन यायचे?"

स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी होती. तिच्यात विल्फचा चेहरा आला, टोपीवरून पाणी ठिबकत होतं. "पोरी, हट्ट सोड. मी तुला सांगितलंय, त्या दारातून मी जाईन तेव्हा मला चालावं लागणार नाही."

मग मात्र थेल्माच्या तोंडाला खळ राहिली नाही.

"कुठल्या दारातून, विल्फ? कुठल्या? नाताळानंतर तिथे काचेचं सरकतं दार असेल. तुझी पेटी आली की आपोआप उघडेल. आत मांजराच्या खाण्याचे डबे असतील आणि टॉयलेट पेपर. तुला ठेवतील कुठे? गोठवलेल्या वाटाण्यांवर? आणि तुझ्यासाठी पाइंट कोण ओतणार, गल्ल्यावरची पोरगी? ती विचारेल, आजोबांना पिशवी हवी का!" तिचा आवाज फाटला तरी ती थांबली नाही. "मेल्यावर पाहिजे ना तुम्हाला ते दार? मग जिवंतपणी जा त्यातून! नाहीतर मेल्यावर जायला ते उरणारच नाही. एकासाठीही नाही!"

 

विल्फने टोपी काढून झटकली. "बरं," तो हळू आवाजात म्हणाला. "पटलं. पण आता तू सांग. तू किती वर्षांत गेली नाहीस तिथून?"

थेल्मा फडक्याने कोरडीच बशी पुसू लागली.

"सहा," विल्फ म्हणाला. "गॉर्डनला उचलणाऱ्या सहांत मी होतो. मागे वळून बघितलं तेव्हा तू पायरीवर होतीस. नंतर कधी दिसली नाहीस. आम्हाला काय डोळे नाहीत? तू आतून झाडू मारतेस म्हणूनच आमचेही पाय अडतात, पोरी. तू पुढे हो. मी तुझ्या मागे येतो."

तिने कडी काढली. ओल्या माणसांनी दोन्ही बाजूंना होऊन वाट दिली. अ‍ॅप्रन तसाच कमरेला, हातात भांडी पुसायचं फडकं, अशी ती अंगण ओलांडून बोळातून निघाली. मागे सगळी वरात. कोपऱ्यावर वळून ती पुढच्या रस्त्यावर आली. पायरी तिने सहा वर्षांत पहिल्यांदा बाहेरून बघितली. मधोमध झिजलेली. तिच्या झाडूला न पोचलेला कोपऱ्यातला कचरा तसाच साचलेला. बाहेरच्या बाजूने मूठ अर्धी काळी पडली होती, कारण घासायला तिचा हात अर्ध्यापर्यंतच यायचा.

"घाण ठेवलीयस की गं," गॉर्डन म्हणाला असता. तिला त्याचा आवाज इतका नेमका ऐकू आला की रडूच फुटलं. रडत रडतच तिने क्रेस्टमोरच्या सात पिढ्यांना एक सणसणीत शिवी घातली, दाराला खांदा लावला आणि आत गेली.

वर डबी वाजली. टक.

आत सगळं तसंच होतं. बार, बाटल्या, भिंतीवरचा खाणीतल्या माणसांचा फोटो. गॉर्डन जितका गेला होता तितकाच गेलेला होता, जास्त नाही. ती बारमागे गेली, तोंड पुसलं आणि विल्फचा ग्लास नळाखाली धरला.

विल्फ उंबऱ्यावर थांबला. टोपी काढावी की घालावी हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती घातली. "जिवंत माणूस टोपी घालून येतो," तो म्हणाला आणि आत आला. टक. कुत्रा मागोमाग आला, पण डबी गप्प राहिली.

"ह्याला का नाही मोजलं?" विल्फने तक्रार केली.

"कंपनीला सांग," मेव्हिस त्याच्यामागून शिरत म्हणाली. टक. मग डेनी. टक. मग भाऊ-भाऊ, आधी कोण यावरून दारातच खेचाखेची करत. टक, टक. डेनी उत्साहाने पुन्हा बाहेर निघाला तशी थेल्मा ओरडली, "माणशी एकदाच!" आणि तो मुकाट्याने खुर्चीवर बसला.

बुधवारी एक्केचाळीस. गुरुवारी सत्तावन्न. शुक्रवारी तिने मूठ दोन्ही बाजूंनी घासली, आणि त्या दिवशी त्र्याऐंशी. शनिवारी पबमध्ये लीकच्या भाजीची वार्षिक स्पर्धा होती. मांडीएवढे जाड लीक तान्ह्या बाळासारखे छातीशी धरून माणसं पुढच्या दाराने आत आली, बायका आल्या, मुलं आली, शेजारच्या गावचे हरायला म्हणून येतात तेही आले. रविवारच्या जेवणानंतर डेनीने स्टुलावर चढून आकडा वाचला, उतरला, पुन्हा चढून वाचला. आठवड्याचे पाचशे तेवीस झाले होते.

कमिटीने कंपनीचा अर्ज फेटाळला. कंपनीने झक मारत थेल्माचा करार दोन वर्षांसाठी वाढवला, आणि दोन वर्षांनी 'परिस्थितीचा पुन्हा आढावा' घेऊ असंही त्याच पत्रात लिहिलं. म्हणजे सुटका नव्हती, नुसती उसंत होती. थेल्माला ते कळत होतं.

ऑक्टोबरात कॅलम स्वतः डबी काढायला आला. स्क्रू काढता काढता त्याने विचारलं, "मिसेस डॉड्स, खरं सांगा. कसं जमवलंत?"

"चालत," थेल्मा म्हणाली आणि अर्धा पाइंट त्याच्यापुढे ठेवला. या वेळी तो प्यायला. मिशी नव्हती, पण ओठावर फेस लागला.

डबी बॅगेत टाकून तो शहाण्यासारखा मागच्या दाराकडे वळला. गावची रीत त्याला आता कळली होती.

"ए बाळा, तिकडून नको," विल्फने हटकलं. "ते दार आमच्या माणसांचं आहे."

कॅलम पुढच्या दाराकडे वळला.

"आणि तेही."

"मग मी जाऊ कुठून?"

"हाच प्रश्न तुम्ही आमच्यावर आणला होतात," विल्फ म्हणाला.

थेल्माने झाडू उचलला, पुढचं दार सताड उघडलं आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. "जा इथूनच. आणि साहेबांना सांग, दोन वर्षांनी खुशाल या, दहा डब्या घेऊन या. तेव्हा विल्फ शहाऐंशीचा असेल."

"आणि ह्याच दाराने आत येईन!" विल्फ आतून ओरडला. "चालत की उचलून, ते माझं मी बघेन. दार मात्र इथेच पाहिजे!"

कॅलमची गाडी वळणाआड जाईपर्यंत थेल्मा बघत राहिली. मग तिने पायरीच्या कोपऱ्यातला सहा वर्षांचा कचरा बाहेरून झाडून काढला.